यंत्र कोणाचे, बातमी कोणाची?

१५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन १८ माणसांचा बळी गेला. मृतांमध्ये स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. कुंभमेळ्यासाठी प्रयागराजला जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहणारी गर्दी फलाटावर मावेनाशी झाली होती, आणि एकसारख्या नावांच्या दोन गाड्यांमुळे प्रवाशांचा गोंधळ उडाला, असे नंतर दिल्ली पोलिसांकडूनच सांगण्यात आले.

पहाडगंजचा मुख्य बाजार जेथे संपतो, तेथे हे स्थानक सुरू होते. फलाटावर बोजे वाहणारे हमाल, बाजारातील हॉटेलांत चादरी बदलणारी पोरे, स्थानकाच्या दारात चहाची किटली घेऊन उभे राहणारे विक्रेते यांच्या दृष्टीने ती काही दूरची घटना नव्हती. परंतु पहिल्या काही तासांत रेल्वेच्या प्रवक्त्यांचे म्हणणे असे होते की, चेंगराचेंगरी झालेलीच नाही, ती केवळ अफवा आहे. दिल्लीच्या नायब राज्यपालांनी समाजमाध्यमावर प्रथम मृतांविषयी शोक व्यक्त केला आणि थोड्याच वेळात तो मजकूर बदलून त्यातील मृत्यूंचा उल्लेख काढून टाकला. तोपर्यंत मात्र प्रवाशांच्या हातांतील मोबाईलांनी त्या फलाटावरील दृश्ये देशभर पोहोचवली होती. प्रेते उचलून हातगाड्यांवरून बाहेर नेणाऱ्या हमालांनी आपण काय पाहिले ते उघडपणे सांगितले. सत्य दडपणे अशक्य झाले, ते या माणसांमुळे.

आता पुढचा भाग पाहा. १७ फेब्रुवारीला रेल्वे मंत्रालयाने ‘एक्स’ या अमेरिकन कंपनीला नोटीस पाठवून या दुर्घटनेच्या अडीचशेंहून अधिक दृश्यफिती ३६ तासांच्या आत काढून टाकण्यास फर्मावले. नैतिक संकेत आणि सुव्यवस्था ही कारणे पुढे करण्यात आली. मृतांची विटंबना होऊ नये, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या खात्याच्या कारभाराविषयी प्रश्न उपस्थित झाला होता, तेच खाते आरोपी, तेच न्यायाधीश आणि तेच अंमलबजावणी करणारे, हा कोठला न्याय?

या एका घटनेत आजच्या वृत्तमाध्यमांचा सारा प्रश्न सामावलेला आहे. नव्या यंत्राने श्रमिकाच्या हाती डोळा दिला. त्या डोळ्याने पाहिलेले जगापुढे जाईल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याला दिला नाही. तो अधिकार मूठभर कंपन्या आणि त्यांच्याशी कधी भांडणारे, कधी हातमिळवणी करणारे सरकार यांच्यापाशी आहे.

दोन भ्रम

या विषयावर दोन प्रकारचे भ्रम पसरवले जातात आणि दोन्ही श्रमिक जनतेला सारखेच घातक आहेत.

पहिला भ्रम भांडवली प्रवक्त्यांचा. त्यांच्या मते मोबाईल आणि इंटरनेट यांनी बातमीचे ‘लोकशाहीकरण’ केले आहे. आता संपादक नको, छापखाना नको. ज्याच्या खिशात मोबाईल तो पत्रकार. हे ऐकावयास गोड वाटते. परंतु प्रत्येकाला बोलण्याची मुभा आहे म्हणून प्रत्येकाचे ऐकले जाते असे नाही. कोणाचा आवाज किती जणांच्या कानी जावा हे आज ज्या गणिताने ठरते, ते गणित कंपनीचे गुपित आहे. ते कोणत्याही संसदेने संमत केलेले नाही आणि कोणत्याही वाचकाला ते पाहावयास मिळत नाही.

दुसरा भ्रम सुशिक्षित मध्यमवर्गाचा. आणि कबूल केले पाहिजे की, तो आपल्या वर्तुळातही शिरला आहे. वाचनसंस्कृती बुडाली, पोरे मोबाईलमुळे बिघडली, लोकांना गंभीर काही नकोच आहे, हे रडगाणे आपल्या बैठकांतही ऐकू येते. या रडगाण्यात सारा दोष वाचकाच्या माथी मारला जातो. बारा तास राबून आलेल्या माणसाला दोन मिनिटांची दृश्यफीत पाहावीशी वाटते, याबद्दल त्याला नीतिपाठ देणे सोपे असते. त्याच्यापुढे तीच दृश्यफीत का येते, ती दाखवून कोण पैसा मिळवतो आणि त्याच्या उपयोगाची बातमी त्याच्यापर्यंत का येत नाही, हे शोधणे कष्टाचे असते.

शिवाय जुन्या वृत्तपत्रसृष्टीविषयी हळवे होण्याचे श्रमिकांना काही कारण नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले, तेव्हापासूनच्या मराठी पत्रकारितेचा वारसा थोर आहे, हे निर्विवाद. परंतु १८७७ साली कृष्णराव भालेकरांना ‘दीनबंधु’ काढावा लागला, तो प्रस्थापित पत्रांत बहुजनांच्या दुःखाला जागा नव्हती म्हणूनच. आणि १९२० साली डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हा इतिहास आहे. दार तेव्हाही बंद होते. मात्र दार बंद करणारा संपादक कोण, हे तेव्हा ठाऊक असे आणि त्याला जाब विचारता येत असे. आज दार बंद झाले आहे हेच कळत नाही. लिहिणाऱ्याला वाटते, आपण प्रसिद्ध झालो. वाचणाऱ्याला वाटते, असे काही लिहिलेच गेले नाही.

रस्त्याचा मालक

पहाडगंजमधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला देशबंधू गुप्ता यांचे नाव आहे. ते ‘तेज’ या उर्दू दैनिकाचे संपादक, स्वातंत्र्यसैनिक आणि संविधान सभेचे सदस्य होते. या रस्त्याजवळच, राणी झाशी मार्गावर, कम्युनिस्ट चळवळीची पत्रे छापणारा ‘न्यू एज’ छापखाना आणि पीपल्स पब्लिशिंग हाऊसची कचेरी होती. त्या काळी वृत्तपत्राचा मालक कोण, छापखाना कोणाचा, कागद कोठून येतो, हे प्रश्न उघडपणे चर्चिले जात. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली आपला अहवाल दिला. त्यातून श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा झाला आणि मोठ्या पत्रांनी किंमत पाडून छोट्या पत्रांचा गळा घोटू नये यासाठी १९५६ साली किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदाही झाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि सप्टेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियंत्रण अविष्कारस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवले. सरकारच्या हाती पाने मोजण्याची कात्री असू नये, ही न्यायालयाची चिंता रास्त होती. परंतु मक्तेदारीच्या हातातील कात्रीचे काय, हा प्रश्न त्या निकालानंतर अनुत्तरितच राहिला. १९८२ साली दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने वृत्तपत्रे अन्य उद्योगधंद्यांपासून विलग करण्याची शिफारस केली. ती बासनात गेली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी केल्या. त्यांचाही कायदा झाला नाही.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. २०१४ साली रिलायन्स उद्योगसमूहाने नेटवर्क १८ या माध्यमसमूहाचा ताबा घेतला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी त्याच समूहाची जिओ ही दूरसंचार सेवा सुरू झाली, आणि आरंभी फुकट, मग नाममात्र दराने इंटरनेट देऊन तिने बाजार काबीज केला. २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के भाग घेतला. त्याच वर्षी गूगलने ३३,७३७ कोटी रुपये देऊन ७.७३ टक्के भाग घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेच्या भारतातील वाहिन्या याच समूहाच्या माध्यमव्यवसायात विलीन झाल्या. दुसरीकडे २०२२ च्या अखेरीस अदानी समूहाने एनडीटीव्हीचा ताबा घेतला.

म्हणजे बातमी तयार करणारी वाहिनी, ती वाहून नेणारी तार, ती ज्या पडद्यावर दिसते तेथील दुकान आणि त्या दुकानातील जाहिरातीचा गल्ला, हे सारे भागीदारीने एकत्र आले आहे. बिर्ला-गोएंकांच्या काळातील ‘ज्यूट प्रेस’ला आपण मक्तेदारी म्हणत होतो. आजच्या या व्यवस्थेपुढे ती किरकोळ वाटावी. गिरणीमालकाकडे वृत्तपत्र असे, परंतु वाचकाच्या घरापर्यंतचा रस्ता त्याच्या मालकीचा नव्हता. पहाटे सायकलवरून अंक टाकणारा पोरगा त्याच्या अंकाबरोबर आपलाही अंक टाकत असे. आज रस्ताच मालकीचा झाला आहे. आणि स्वस्ताईचे म्हणाल, तर २०२४ च्या जुलैत तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. बाजार हाती आल्यावर किंमत वाढवावयाची, ही मक्तेदारीची जुनीच रीत आहे.

जगाचा अनुभवही वेगळा नाही. बातम्यांच्या मोबदल्याविषयीचा कायदा होऊ घातला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकने ऑस्ट्रेलियातील बातम्याच काही दिवस बंद केल्या. कॅनडाने तसाच कायदा केल्यावर ऑगस्ट २०२३ पासून तेथेही तेच केले. एक खासगी कंपनी एका सार्वभौम देशाच्या नागरिकांना बातम्या दाखवावयाच्या की नाहीत हे ठरवते, आणि तिला आपण ‘व्यासपीठ’ म्हणतो!

वर्गणीदार आणि सबस्क्रायबर

मराठीत एक सुंदर शब्द आहे: वर्गणीदार. ज्याने वर्गणी दिली तो पत्राचा भागीदार. पत्र चुकले तर तो संपादकाला पोस्टकार्ड टाकून खडसावत असे. आजचा ‘सबस्क्रायबर’ हा दिसावयास तोच शब्द, परंतु अर्थ पार उलटा झाला आहे. तो कळ दाबतो. पैसे देत नाही. आणि पैसे देत नाही म्हणूनच तो स्वतः विकला जातो. तो काय पाहतो, किती वेळ पाहतो, कोठे थांबतो, कशाने चिडतो, याची नोंद होते आणि ती जाहिरातदाराच्या उपयोगी आणली जाते. या बाजारात बातमी हे आमिष आहे, वाचकाचे लक्ष हा माल आहे आणि जाहिरातदार हा खरा ग्राहक आहे.

आता ज्या व्यवस्थेत लक्ष हाच माल आहे, तेथे कोणती बातमी पुढे ढकलली जाईल? जी थांबवून धरील ती. राग, भीती आणि द्वेष ही माणसाला सर्वांत लवकर थांबवतात. म्हणून रोजगार हमीची मजुरी थकल्याची बातमी मागे पडते आणि शेजारच्या धर्माविषयीची अफवा पुढे येते. यासाठी कोणी कारस्थानी माणूस खोलीत बसलेला असण्याची गरज नाही. नफ्याचे गणितच ते काम करते. त्या गणिताचा लाभ कोणते राजकारण उठवते, हे मात्र वाचकांना सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट घडली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गिरणगावात एक अंक चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचला जाई आणि दहा जण ऐकत. वाचन, वाद आणि निर्णय एकत्र होत. आज एकाच खोलीत राहणारे पाच मजूर पाच मोबाईलांवर पाच निराळ्या बातम्या पाहतात. कोणाला काय दिसले हे दुसऱ्याला ठाऊक नसते. मग वाद तरी कशावर घालावयाचा? वर्ग म्हणून विचार करण्यासाठी निदान समान माहिती लागते. ती समान जमीनच पायाखालून काढून घेतली जात आहे. कारखान्याच्या खासगीकरणाविरुद्ध आपण मोर्चे काढले. वाचनाचे खासगीकरण आपल्या डोळ्यांदेखत झाले आणि आपण त्याला ‘काळाची गती’ म्हणत राहिलो.

नाशिक आणि राईनपाडा

तर मग यंत्रच दोषी मानावयाचे काय? नाही. महाराष्ट्रातील २०१८ सालच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईकडे निघाले. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमुक्ती या त्यांच्या मागण्या होत्या. आरंभी बड्या वाहिन्यांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. परंतु फुटलेल्या टाचांची, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे मोबाईलवरून घरोघर गेली. दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रास होऊ नये म्हणून मोर्चा रात्रीच चालून १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचला. मुंबईकर पाणी, खाऊ आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. मग वाहिन्यांना यावेच लागले आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले.

त्याच वर्षी १ जुलै रोजी, शेजारच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच भटक्या माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार केले. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. त्यानंतर व्हॉट्सअॅप कंपनीने भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन लोकांना अफवांपासून सावध राहण्याचा उपदेश केला आणि एक मजकूर एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. ही मर्यादा पाच जीव गेल्यानंतर आठवली. ती आधी घालता येत नव्हती असे नाही. परंतु मजकूर जितका धावतो तितकी कंपनी वाढते.

यंत्र तेच, वर्ष तेच, आणि माणसेही जवळजवळ सारख्याच दारिद्र्यातली. मग एके ठिकाणी त्या यंत्राने करुणा आणि एकजूट पोहोचवली आणि दुसऱ्या ठिकाणी मृत्यू पोहोचवला, याचे कारण काय? नाशिकच्या छायाचित्रामागे वर्षानुवर्षे गावोगाव केलेले संघटन होते; ते पाहणाऱ्याला काय करावयाचे हे सांगणारा कोणी तरी होता. राईनपाड्याच्या अफवेमागे कोणीही नव्हते, आणि तिला थांबवणाराही कोणी नव्हता. संघटित वाचक आणि एकाकी वाचक यांतील अंतर इतके मोठे असते.

बातमीचा कामगार

माध्यमांवरील चर्चेत मालक येतो, वाचक येतो. बातमी घडवणारा कामगार मात्र हटकून वगळला जातो. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या वैध ठरवल्या. तरीही अनेक मालकांनी ‘आम्हांला ही वेतनश्रेणी नको’ अशा कागदांवर कर्मचाऱ्यांच्या सह्या घेतल्या. जे टिकले ते कंत्राटावर गेले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या श्रमसंहितांनी १९५५ चा कायदाच पोटात घेतला आहे. नव्या व्याख्येत डिजिटल माध्यमांतील पत्रकारांचा उल्लेख आला, ही गोष्ट स्वागतार्ह खरी. परंतु त्यांच्यासाठी स्वतंत्र वेतन मंडळाची जुनी तरतूद मात्र गेली. नाव दिले आणि हक्क काढून घेतला.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने अनुवादक आहे. इंग्रजी आणि हिंदीतील मजकूर मराठीत आणणे हे पहाडगंजमधील एका टेबलावर चालणारे त्याचे रोजचे काम. एका बातमी-कंपनीच्या मराठी विभागात पूर्वी टेबलभर माणसे बसत. आज दोघे बसतात आणि यंत्राने केलेला अनुवाद ‘तपासतात’, असे तेथील एका परिचिताने सांगितले. वेळ मोजला जातो, शब्द मोजले जातात. विचार करण्याचा वेळ कोणी मोजत नाही, कारण तो देण्यातच येत नाही. यंत्र चुका करते अशी आमची तक्रार नाही. ‘स्ट्राइक’चा अर्थ संप की हल्ला, हे यंत्र आता बहुतेक वेळा ओळखते. तक्रार निराळी आहे. सरकारी आणि मालकी भाषेची एक खोड असते: कर्ता वगळण्याची. ‘गर्दी झाली, चेंगराचेंगरी झाली, मृत्यू झाले, चौकशी होईल.’ गर्दी का झाली, तिकिटे कोणी विकली, बंदोबस्त कोणी ठेवला नाही? वाक्यात कर्ता नाही, म्हणून जबाबदारी नाही. जागरूक अनुवादक अशा वाक्यापाशी थांबतो आणि बातमीदाराला विचारतो, हे कोणी केले? यंत्र थांबत नाही. ते कर्ता नसलेले वाक्य शुद्ध मराठीत उतरवते आणि पुढे जाते.

आणि हे यंत्र शिकले कोणाच्या शब्दांवर? हजारो बातमीदारांनी आणि अनुवादकांनी लिहिलेल्या मजकुरावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. हा झगडा दोन मालकांतील आहे. ज्याच्या श्रमावरून तो चालला आहे तो बातमीदार त्यात पक्षकारच नाही. साठवलेले मृत श्रम जिवंत श्रमाला कामावरून दूर करतात, हे मार्क्सने कापडगिरणीच्या संदर्भात दाखवले होते. शब्दांच्या गिरणीलाही तोच नियम लागू आहे.

कायद्याचा बडगा

१९७५ च्या २५ जूनच्या रात्री दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली होती. आज वीज तोडावी लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘न्यूजक्लिक’शी संबंधित पत्रकारांच्या घरांवर दिल्ली पोलिसांनी भल्या सकाळी छापे घातले, मोबाईल आणि संगणक जप्त केले, आणि संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक केली. पत्रकाराचा मोबाईल आणि संगणक नेणे म्हणजे त्याचा छापखाना, त्याची वही आणि त्याला माहिती देणाऱ्यांची यादी एकाच झटक्यात नेणे होय. सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी ही अटक बेकायदेशीर ठरवली. परंतु मधले सात महिने कोण परत देणार?

केंद्र सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच ठरवावे, अशी तरतूद एप्रिल २०२३ मध्ये नियमांत घुसडण्यात आली. विनोदकार कुणाल कामरा आणि पत्रकारांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी, न्या. चांदुरकर यांनी, ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. लढले तर जिंकता येते, याचा हा पुरावा आहे. २०१५ साली दहा लाखांहून अधिक नागरिकांनी दूरसंचार नियामकाला पत्रे पाठवली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुराप्रमाणे निराळे दर लावण्यास बंदी झाली. फेसबुकची ‘फुकट इंटरनेट’ची योजना त्यामुळे भारतात गुंडाळावी लागली, हाही पुरावाच आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द. मजकूर काढण्याच्या सरकारी पद्धतीविरुद्ध ‘एक्स’ कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हरली. तिच्या पराभवात आपला विजय नाही, तसा तिच्या विजयातही आपला विजय नव्हता. सरकारी कात्री आणि अब्जाधीशाची कात्री यांतून एकीची निवड करा, असे कोणी सांगत असेल तर दोन्ही नाकारावयास हव्यात.

आपले काम

मागण्या स्पष्ट आहेत. मजकूर काढण्याचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध व्हावा आणि ज्याचा मजकूर काढला जातो त्याला बाजू मांडण्याची संधी मिळावी. तार, व्यासपीठ आणि वृत्तवाहिनी एकाच मालकाकडे असू नये, असा कायदा व्हावा. पत्रकारांची साधने न्यायालयाच्या आदेशावाचून जप्त करण्यास बंदी असावी. डिजिटल माध्यमांतील प्रत्येक कामगाराला, मग तो बातमीदार असो, अनुवादक असो वा दृश्यफिती जोडणारा असो, वेतनश्रेणी आणि संघटनेचा हक्क मिळावा.

परंतु मागण्या करून आपली जबाबदारी संपत नाही. आत्मपरीक्षणही करावयास हवे. आपण आपल्या पत्राच्या छापील पानांची चित्रे मोबाईलवर पाठवतो आणि समजतो की, आपण नव्या युगात आलो. बोटभर पडद्यावर ती अक्षरे वाचता येत नाहीत, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असते. आपली वाक्ये लांब, आपल्या बातम्या शिळ्या आणि ठराव तेवढे ताजे, ही तक्रार वाचक करतात; ती खोटी नाही. जंतरमंतरवरील धरण्यासाठी महाराष्ट्रातून आलेल्या आणि पहाडगंजच्या स्वस्त लॉजमध्ये उतरलेल्या एका अंगणवाडी सेविकेने प्रस्तुत लेखकाला विचारले, “दादा, तुमचं पत्र आमच्याविषयी लिहितं, पण आम्हाला विचारून का लिहीत नाही?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. २०२१ साली याच सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले होते. यंत्र आपल्या भाषेत नाही, आपल्या उपयोगाचे नाही, हे त्यांनी यंत्राचा द्वेष न करता सांगितले. तंत्रज्ञानाविषयी श्रमिकांची भूमिका काय असावी, याचा धडा त्या बायांनी आपल्याला दिला आहे.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांनीही एक धडा दिला. त्यांच्या आंदोलनाचे फेसबुक पान त्याच महिन्यात काही काळ बंद झाले आणि जानेवारीत धरण्याच्या ठिकाणांचे इंटरनेट तोडण्यात आले. परंतु त्यांनी ‘ट्रॉली टाइम्स’ हे पंजाबी-हिंदी पत्र छापून ट्रॉली-ट्रॉलीत वाटले. मोबाईल होता तोवर मोबाईल वापरला, आणि कागदही हाती ठेवला. लेनिनने १९०१ साली वृत्तपत्राला इमारतीभोवतीच्या परांचीची उपमा दिली होती. परांची बांबूची आहे की लोखंडाची, याने इमारत ठरत नाही. तिच्यावर चढून एकमेकांना विटा देणारे हात कोणाचे, याने ठरते.

म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक युनियनने आपल्या भागात वाचक-मंडळ उभारावे. आठवड्यातून एकदा एकच बातमी सर्वांनी मिळून वाचावी, तिच्यातील वगळलेला कर्ता शोधावा आणि आपली बातमी स्वतः लिहून पाठवावी. अफवा आली तर ती पुढे न पाठवता आधी मंडळात आणावी. हे काम लहान वाटेल. परंतु त्या फेब्रुवारीच्या रात्री फलाटावरील हमालांनी नेमके हेच केले होते: आपण पाहिले ते नाकारू दिले नाही. त्यांच्यामागे संघटित वाचक उभा असता, तर अडीचशे दृश्यफिती पुसल्याने १८ मृत्यूंचा प्रश्न पुसला गेला नसता. तो वाचक उभा करणे हे आपले काम आहे, आणि ते कोणतीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही.